तंजावरचं सरकतं दार: जुना रंग खरवडायचा की त्यावरच द्यायचा?



आजचा भाग एका फोनमुळे सुचला. माझी मावशी लग्न होऊन तंजावरला गेली, त्याला आता चाळीस वर्षं होतील. तिचं घर राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधे एक लाकडी सरकतं दार आहे. तिच्या सासऱ्यांनी घरातल्याच एका मोडक्या दाराच्या फळ्या वापरून ते सुताराकडून करून घेतलं होतं. उघडमिट करणारं दार जागा अडवतं, म्हणून वर लोखंडी पट्टी, पट्टीवर दोन चाकं आणि खाली खोबण. ढकललं की दार भिंतीला लागून बाजूला सरकतं.

त्या दाराच्या रंगाचे पोपडे निघायला लागले म्हणून मावशीने रंगारी बोलावला. तो म्हणाला, सगळा जुना रंग खरवडून काढू, लाकूड उघडं करू, मग नवा रंग देऊ. नमुना म्हणून त्याने एक कोपरा पॉलिश पेपरने घासला. वरचा क्रीम रंग गेला, तर खालून हिरवा निघाला. हिरव्याखाली पिवळा. पिवळ्याखाली काळपट लाल. मावशीने त्याला तिथेच थांबवलं आणि मला फोन लावला. म्हणाली, "अगं, तू जगाला इतिहास सांगत असतेस ना, मग मला एवढंच सांग. खरवडू, की आहे त्यावरच देऊ? आणि लवकर सांग, नातू दिवसभर त्या दाराशीच खेळत असतो."

मला वाटलं, हा रंगाऱ्याचा प्रश्न, यात माझं काय काम? पण विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न तंजावर शहरानेच पुन्हा पुन्हा सोडवलेला आहे. मंदिराच्या भिंतीवर, राजवाड्यात आणि लाकडाच्या फळीवर. म्हणून आज आपण मावशीच्या दारापासून निघू, तंजावरात एक फेरी मारू, आणि परत दाराशी येऊ.

भिंतीवरची दोन चित्रं, एकावर एक

पहिला मुक्काम बृहदीश्वर मंदिर. राजराजा चोळाचं हे मंदिर १०१० साली पूर्ण झालं. गाभाऱ्याभोवती एक अरुंद, काळोखी प्रदक्षिणेची वाट आहे. सर्वसाधारण भाविकाला तिथे जाता येत नाही. या वाटेच्या भिंतींवर चित्रं होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी ती पाहिली त्यांना ती नायक राजांच्या काळातली, म्हणजे साधारण चारशे वर्षांपूर्वीची दिसत होती.

१९३१ साली अण्णामलै विद्यापीठातले एस. के. गोविंदस्वामी त्या वाटेत गेले. एके ठिकाणी वरच्या चित्राचा पापुद्रा सुटला होता. मावशीच्या दारासारखाच पोपडा म्हणा. त्याच्या आत त्यांना दुसरंच चित्र दिसलं. वेगळी रेषा, वेगळे रंग. ते राजराजाच्या काळातलं होतं, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचं. पांढऱ्या हत्तीवर बसून कैलासाला निघालेले संत सुंदरर, सोबत घोड्यावर चेरमान पेरुमाळ, त्रिपुरांतक शिव, असं सगळं त्या थराखाली झाकलेलं होतं.

आता इथे जरा थांबू. नायकांच्या चित्रकारांनी जुनं चित्र खरवडलं नाही. त्यावर नवा गिलावा चढवला आणि त्यावर आपली चित्रं काढली. आपण आजच्या नजरेने म्हणू, "अरेरे, केवढा ठेवा झाकला!" पण त्या झाकण्यामुळेच उजेड, धूर आणि माणसांचे हात खालच्या चित्रापर्यंत पोचले नाहीत. झाकलं, आणि राखलंही.

पुढची अडचण मोठी होती. खालचं चोळ चित्र पाहायचं, तर वरचं नायक चित्र काढावं लागणार. आणि नायक चित्रही चारशे वर्षांचं आहे, तेही फेकण्यासारखं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी वरचा थर त्याच्या गिलाव्यासकट हळूहळू सुटा केला, तो फायबरग्लासच्या फळ्यांवर चढवला आणि वेगळा मांडला. वरचंही राहिलं आणि खालचंही दिसलं.

हे शक्य का झालं, याचं कारण दोन थर घालण्याच्या पद्धतीत आहे. चोळ चित्रकारांनी चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरला. चुना सुकताना रंग त्याच्यात पकडला जातो, भिंतीचाच भाग होतो. म्हणून हाताशी दोन-तीन दिवस असले, तर तेवढ्यात चित्र उरकावं लागतं. नायकांच्या चित्रकारांचा थर मात्र या तयार, सुकलेल्या पृष्ठावर वरून बसलेला होता. तो खालच्याशी एकजीव झाला नव्हता. म्हणून जिथे पकड ढिली झाली तिथे त्याचे पोपडे निघाले, आणि म्हणूनच तो सुटाही करता आला.

मावशीच्या दाराचे पोपडे का निघाले, त्याचंही उत्तर हेच. कोणीतरी गुळगुळीत, चकचकीत जुन्या ऑइल पेंटवर न घासता नवा हात मारला होता. नवा रंग जुन्यावर नुसता बसला, त्याने पकड घेतली नाही.

महाराष्ट्रातल्या मंडळींना थरांची ही गोष्ट वेगळी सांगायला नको. गावातल्या मारुतीवर पिढ्यानपिढ्या शेंदूर चढतो, एक दिवस ते कवच गळून पडतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना थर २०२२ साली काढला, तेव्हा मूळ रूप पाहायला किती गर्दी लोटली होती, ते आठवत असेल. शेंदूर हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे, आणि तेव्हा तो इतका गोड वाटणार नाही.

मराठ्यांनी काय केलं?

दुसरा मुक्काम राजवाडा. तो मूळचा नायकांचा. १६७३ मध्ये मदुरैच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. त्यानंतर विजापूरकरांच्या वतीने शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तिकडे गेले, आणि तंजावरात भोसल्यांचं राज्य सुरू झालं. ते १८५५ पर्यंत टिकलं.

नवा राजा आला की जुना वाडा पाडून नवा बांधतो, अशी आपली एक समजूत असते. तंजावरच्या भोसल्यांनी तसं केलं नाही. नायकांच्याच वाड्यात ते राहायला गेले आणि त्यात भर घालत गेले. मराठा दरबार हॉल, त्याचे रंगवलेले खांब आणि कमानी, ही त्यातलीच भर. सरस्वती महाल ग्रंथालयाचंही तसंच. ग्रंथसंग्रह नायकांच्या काळापासूनचा, त्याला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या सरफोजींनी. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांशेजारी मराठी पोथ्या आणि मोडी कागद येऊन बसले. जुनं बाहेर काढून नव्याला जागा केली, असं झालं नाही.

याच सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या आवारात भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. आपल्या घराण्याचं नाव तिथे लागावं असं राजाला वाटणं साहजिक आहे. पण त्यांनी राजराजाच्या तमिळ लेखांवर आपली अक्षरं कोरली नाहीत. प्राकाराच्या भिंतीवर मोकळी जागा निवडली. मंदिरात आज चोळांचे तमिळ लेखही वाचता येतात आणि भोसल्यांची देवनागरीही.

म्हणजे तंजावरात आपल्याला दोन रीती सापडल्या. एक, जुन्यावर थर देणं. दुसरी, जुन्याच्या शेजारी आपलं ठेवणं. जुनं खरवडून काढणं ही रीत या दोन्ही ठिकाणी दिसत नाही.

फळीवरचं चित्र: रंग शेवटी येतो

तिसरा मुक्काम मावशीच्या दाराच्या सगळ्यांत जवळचा आहे, कारण तो लाकडाचा आहे. तंजावर चित्रं तुम्ही पाहिलीच असतील. सोन्याचा वर्ख, जडवलेले खडे, मधोमध गुबगुबीत बाळकृष्ण. मराठा दरबाराच्या आश्रयाने ही कला बहरली. चित्रकार होते मुख्यतः तेलुगू मुलखातून आलेले राजू आणि नायडू. म्हणजे राजा मराठी, चित्रकार तेलुगू, गाव तमिळ. तमिळमध्ये या चित्राचं साधं नाव आहे 'पलगै पडम'. पलगै म्हणजे फळी, पडम म्हणजे चित्र. फळीवरचं चित्र.

नावात सोनं नाही, खडे नाहीत. फळी आहे. आणि हे चित्र कसं होतं ते पाहिलं, की नाव बरोबर का ते कळतं.

आधी फळी. जुन्या काळी ती फणसाच्या लाकडाची असे, आज बहुतेक ठिकाणी प्लायवूड वापरतात. फळीवर कापड चिकटवायचं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. रंग थेट लाकडावर असेल तर त्या हालचालीने तडकतो. मधलं कापड ती हालचाल थोडी झेलतं. कापडावर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांचं मिश्रण द्यायचं. सुकलं की घासायचं, पुन्हा द्यायचं, पुन्हा घासायचं. गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठ सपाट करायचं. मग रेखाटन. मग खडू आणि डिंकाच्या लगद्याने दागिने, कमान, सिंहासन यांना उठाव द्यायचा. मग खडे बसवायचे. मग वर्ख. आणि रंग? रंग सगळ्यांच्या शेवटी.

म्हणजे जे बघणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसतं, ते करणाऱ्याच्या हातून सगळ्यांत शेवटी होतं. कामाचा मोठा भाग खाली झाकला जातो. जुनं तंजावर चित्र टिकलेलं असेल, तर ते वर्खामुळे टिकलेलं नसतं. खालची खळ आणि कापड नीट बसलं होतं म्हणून टिकलेलं असतं.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे वारले. मागे मुलगा नव्हता, आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केलं. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या विरोधात निकाल दिला. दरबार गेला, चित्रकारांचा आश्रय गेला. पण फळी उचलून नेता येते. ही चित्रं चेट्टियार व्यापाऱ्यांच्या आणि इतर घरांच्या देवघरात गेली, आणि कला जिवंत राहिली. २००७-०८ मध्ये तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

मावशीला मी हा भाग सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रंग कोणता द्यायचा, हा प्रश्नच मागाहूनचा."

अगदी तसंच.

आता शेंदराकडे

पण मंडळी, इतिहासाच्या प्रेमाने मी मावशीला चुकीचा सल्ला देऊ नये, म्हणून एक गोष्ट आधी तपासावी लागली. तिचा दोन वर्षांचा नातू.

शेंदूर हे शिशाचं संयुग आहे. रंगकामातला जुना पांढरा सफेदा, तोही शिशाचाच. आणि ऑइल पेंटमधले भडक पिवळे, केशरी, लाल रंग पुष्कळदा शिशाच्या संयुगांपासून बनत. रंग कंपन्या हे हौसेने वापरत नव्हत्या. शिशाने रंग दाट दिसतो, लवकर सुकतो आणि टिकतो. पण तेच शिसं पोटात गेलं तर लहान मुलाच्या मेंदूची वाढ बाधित होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही.

हे काल-परवा कळलं, असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ सालीच इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये, असा करार केला होता. तो रंगाऱ्यांना वाचवण्यासाठी होता. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त शिसं चालणार नाही. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली. त्या शंभर वर्षांत आपल्या घरांची दारं, खिडक्या, पाळणे, कठडे रंगवले गेले.

मावशीच्या दाराखालचा तो पिवळा आणि तो काळपट लाल याच काळातले. त्यात शिसं असेलच असं नाही. पण तपासल्याशिवाय ते नाही, असं धरून चालता येत नाही. आणि रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने सगळं दार घासायला निघाला होता, माजघरात, पोर बाजूला खेळत असताना. जुना रंग जागच्या जागी घट्ट असतो तोवर तो फारसा त्रास देत नाही. त्याची धूळ केली, की तो हवेत, जमिनीवर आणि मुलाच्या बोटांवरून तोंडात जातो. रंग जाळून काढणं तर त्याहून वाईट, कारण मग वाफ थेट श्वासात जाते.

म्हणजे इतिहास जे सांगत होता, तेच आरोग्यही सांगत होतं. जे घट्ट आहे, ते खरवडू नका.

दार कसं रंगवलं

मावशीने जे केलं ते क्रमाने सांगते, तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, वेळ. तमिळ घरांत पोंगलच्या आधी रंगरंगोटी करायची पद्धत आहे. पण तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, लाकूड ओल धरतं. ओल्या लाकडावर रंग दिला तर आतली ओल बाहेर पडताना फोड येतात. म्हणून आतलं दार मावशीने पोंगल उलटल्यावर, फेब्रुवारीत घेतलं.

दुसरी, दार चाकांवरून उतरवलं आणि मागच्या अंगणात प्लास्टिकचा कागद अंथरून घोडीवर आडवं ठेवलं. नातू तेवढे दिवस आत्याकडे. सुटलेले पोपडे आधी पाण्याने ओले करून मगच पत्र्याने काढले. घट्ट रंगाची फक्त चकाकी मारली, तीही ओल्या वॉटर पेपरने, म्हणजे नव्या रंगाला पकड मिळेल आणि धूळ उडणार नाही. निघालेला सगळा चिखल फडक्याने पुसून, कागदासकट पिशवीत बांधला. रंगाऱ्याने मास्क लावला. काम झाल्यावर कपडे वेगळे धुतले.

तिसरी, खड्ड्यांत लांबी, मग प्राइमर, मग रंगाचे दोन पातळ हात. सरकत्या दाराला जाड हात चालत नाही. दार आणि भिंत यांच्यात जेमतेम एक नाणं जाईल एवढी फट असते. रंगाचा थर वाढला की दार घासतं, आणि घासलं की पुन्हा धूळ. दोन्ही बाजूंना सारखेच हात दिले, नाहीतर फळी एका बाजूने ओल ओढते आणि वाकते. चाकांना आणि खोबणीला रंग लागू दिला नाही. आणि रंग हाताला सुकलेला वाटला तरी पूर्ण कडक व्हायला चार-पाच दिवस दार तसंच ठेवलं.

चौथी गोष्ट मी सुचवलेली. सरकतं दार बंद केलं तरी त्याची मागची कड भिंतीवर दोन बोटं चढलेली असते. भिंतीकडच्या बाजूची ती पट्टी कधीच दिसत नाही, दार उघडं असो की मिटलेलं. तेवढी पट्टी आम्ही रंगवली नाही. रंगाऱ्याने घासलेला नमुन्याचा कोपरा नेमका त्याच कडेला होता. क्रीम, हिरवा, पिवळा, काळपट लाल, चारही थर तिथे पायऱ्यांसारखे दिसतात. धूळ सुटू नये म्हणून त्यावर स्वच्छ व्हार्निशचे दोन हात दिले, आणि दार बसवल्यावर ती कड कुठे घासत नाही ना, हे पाहून घेतलं.

बृहदीश्वराला जे करायला पुरातत्त्व खात्याला रसायनतज्ज्ञ लागले, ते दोन बोटांच्या पट्टीवर मावशीला करता आलं. वरचंही राहिलं, खालचंही राहिलं.

रंग कोणता दिला, असं विचाराल. पांढरट पिवळा. डब्यावर शिसं मर्यादेत असल्याची नोंद वाचूनच घेतला. काका म्हणाले, हा तर दवाखान्याचा रंग झाला. मावशी म्हणाली, "पुढच्याला आवडला नाही तर तो देईल त्यावर दुसरा. फक्त खरवडू नका म्हणावं." आणि पट्टीच्या वर, चौकटीआड जाणाऱ्या कडेवर, तिने पेन्सिलीने साल लिहून ठेवलं.

तुमच्याही घरात असं एखादं दार असेल, पुण्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, कुठेही. रंगारी यायच्या आधी एकदा कडेला बघा, खाली काय काय आहे ते. थर मोजा, आणि मग ठरवा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.